डाव्या बाजूचे अठ्ठावन्न किलो

ओनोदेरा-सान गाडी घेऊन आले तेव्हा मी माझ्या गॅरेजात जेवणाचा डबा उघडत होतो. इंजिनचा आवाज कानावर पडला आणि भूक मेली. ती गाडी मी दोन वर्षं टाळत होतो.

पांढरी, दोन दरवाजांची, जुनी गाडी. त्यांच्या मुलाची, कियोहारूची. हिनोकुबो घाटातल्या सातव्या वळणावर ती कठड्यावर आदळली. गाडीला खरचटलं आणि पोराची मान मोडली. चोवीस वर्षांचा होता. पत्रा दुसऱ्या गॅरेजात सरळ झाला. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

"नोबु, सोमवारी तपासणी आहे," ओनोदेरा-सान म्हणाले. कोन्याकूचे कंद काढून काढून त्यांची नखं काळी झाली होती. "बघून दे. डावीकडून खाली बसलीये. मी चालवायला लागल्यापासून."

"तुम्ही चालवता ही?"

"मग काय कोंबड्या पाळू तिच्यात?"

दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते आणि गाडीचं पोट जमिनीपासून नऊ सेंटिमीटर तरी वर लागतं. आम्ही टेप वगैरे काढत बसत नाही. सिगारेटचं पाकीट उभं करून खालून सरकवायचं. गेलं तर पास. उजवीकडून पाकीट सहज गेलं. डावीकडे चेपलं.

आता मी काय केलं होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडी खाली आणली की वळणावर ती कलत नाही, सांगाल तिथे वळते, आणि पोरांना वाटतं आपण घाट खिशात घातला. बदल्यात खड्डा न् खड्डा थेट कण्यात बसतो. एवढं चालतं. पण फारच खाली आणली, तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावर एक रबरी ठोकळा असतो, शेवटचा धक्का झेलायला. कियोहारूला आणखी एक सेंटिमीटर खाली हवी होती आणि तो ठोकळा आड येत होता. मी तो कापला. मागच्या तपासणीपुरती गाडी वर उचलली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आणली. आमच्याकडे सगळेच करतात हे. त्यानंतर नवव्या दिवशी तो गेला.

सातव्या वळणाच्या मध्यावर रस्ता खचलेला आहे. तिथे लोखंडावर लोखंड आपटलं असणार आणि चाकं जमिनीवरून उचलली गेली असणार. पोलिसांनी लिहिलं, 'ब्रेकच्या खुणा नाहीत'. मी तोंड शिवून बसलो.

गाडी मी चार वजनकाट्यांवर चढवली, प्रत्येक चाकाखाली एक. चालवणाऱ्याच्या जागी माणसाऐवजी तांदळाची पोती ठेवतो आम्ही, तीस किलोचं एक. ओनोदेरा-सान साधारण साठ किलोचे, म्हणून दोन. कागदावर गाडी अकराशे पन्नास. म्हणजे बाराशे दहा यायला हवे होते. आले बाराशे अडुसष्ट. सगळा जास्तीचा भार डावीकडे, आणि पुढे.

मी दाराखालची पोकळी ठोकून पाहिली, पाणी साठलंय का. गालिचा उचलला. सीटखाली हात घातला. काही नाही. काटे शून्यावर आणून पुन्हा चढवली. बाराशे अडुसष्ट.

अठ्ठावन्न किलो. हा आकडा मला पाठ होता. कियोहारूसाठी गाडीची उंची बसवताना दोन पोत्यांतून मी दोन किलो तांदूळ काढला होता आणि त्याला म्हटलं होतं, जरा खात जा रे, वाऱ्यानं उडशील. मी खरंच घाबरलो होतो, उगाच शूरपणा कशाला सांगू.

डावीकडची उंची एक सेंटिमीटर वाढवली. गाडी वर आली, थोडी थांबली, आणि कुणी नीट सावरून बसावं तशी पुन्हा खाली गेली.

"झालं?" दारातून ओनोदेरा-साननी विचारलं.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

"चल तर मग, चालवून दाखवतो. घाटात कळेल तुला." ते पोती उचलून खाली ठेवायला लागले. मी डावं दार उघडलं, तसे ते शांतपणे म्हणाले, "पुढे नको. मागे बस."

दुपारचे तीन वाजले होते आणि घाटात धुकं उतरलं होतं. मागची सीट नावापुरती. गुडघे हनुवटीला लावून बसलो. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा माझ्या दातांत वाजत होता. समोर ती डावी सीट रिकामी होती. पण गादीत खळगा होता. आणि दर वळणाआधी, ओनोदेरा-साननी स्टिअरिंग हलवायच्याही आधी, ती सीट करकरायची. रस्ता माहीत असलेला माणूस जसा आधीच कलून बसतो, तशी. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा मी डोळे मिटले.

"त्या सकाळी तो शेतावर उशिरा आला," ओनोदेरा-सान बोलायला लागले. "मी भडकलो. म्हटलं, जा, त्या गाडीतच मर. आणि बघ, गेला. ब्रेकसुद्धा लावला नाही पठ्ठ्यानं. त्याचा फोटो अजून पितरांच्या देवघरात ठेवलेला नाही मी. कुठल्या तोंडानं ठेवू?"

पाचवं वळण गेलं. गाडीचा वेग वाढला.

"ओनोदेरा-सान, हळू."

"हळू कशाला? मला बघायचंय ब्रेक न लावता तिथे कसं जातात ते. त्यानं कसं केलं ते."

सहावं वळण. डावी सीट करकरली.

"लावला होता!" मी ओरडलो. "त्यानं ब्रेक लावला होता! चाकंच जमिनीवर नव्हती! रबर मी कापला होता. गाडी मी खाली आणली होती, फार खाली. तो मरायला नव्हता गेला हो, मी मारला त्याला!"

ब्रेक करकचून लागला. गाडी आडवी होऊन थांबली. पुढे धुक्यात सातव्या वळणाचा कठडा दिसत होता.

मग ओनोदेरा-साननी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखे रडले. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उतरले, नाक पुसलं, वाकून आत पाहिलं. माझ्याकडे नाही, शेजारच्या सीटकडे.

"मी चालत जातो," ते म्हणाले. "फोटो ठेवायचाय. तू त्याला घेऊन ये. सावकाश आण."

आणि धुक्यात उतरणीला लागले.

बाहेर पडायला पुढची सीट वाकवावी लागते. डावी वाकली नाही. दोन्ही हातांनी रेटली, तसूभर हलली नाही. शेवटी उजवीकडून सरपटत निघालो आणि स्टिअरिंगवर बसलो. वीसच्या वेगानं खाली आलो. थेट पोलीस चौकीत गेलो, रबराचं सगळं सांगितलं, सही केली. बाहेर आलो तेव्हा वाटलं होतं, आता डावी बाजू वर आली असेल.

ती खालीच होती. मी आत बसलो, किल्ली फिरवली नाही. माझ्याकडून काय सांगायचं राहिलंय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

त्या दिवशी कियोहारूनं मला घाटाच्या पायथ्यावरून फोन केला होता. म्हणाला, नोबु-सान, खालून आपटतंय हो, परत आणू का गाडी? मी जेवत होतो. मी हसलो आणि म्हणालो, भित्रा कुठला, वेग वाढव, बसेल आपोआप.