मोतीरामच्या बुटांची मिरवणूक

वरोरच्या किनाऱ्यावर होडीत पायताण घालून कोणी चढत नाही. होडी म्हणजे देवी. देवळात जाताना चपला बाहेर काढतात, तशाच इथे वाळूवर. नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा होडीला हात लावण्याआधी चपला भिरकावून देतं. म्हणून डहाणूच्या डॉक्टरांनी मोतीरामला सांगितलं, की यापुढे अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, तेव्हा त्याने लगेच होडीचं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, होडीतही नाही.

मोतीराम तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य माणूस. गेली काही वर्षं त्याला मधुमेह होता, आणि गोळ्या तो आठवतील तेव्हा घेत असे. त्या मे महिन्यात बोंबील वाळत घातले होते तिथली वाळू इतकी तापली होती, की बाया उड्या मारत चालत होत्या. मोतीराम मात्र भर दुपारी तिथे अनवाणी उभा राहून इंजिनाच्या गप्पा मारत होता. पाय आता सागवानी झाले, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याची बायको चंद्रा हिनेही बाजारात मासे विकताना ती बढाई गिऱ्हाइकांना ऐकवली.

संध्याकाळी घरातल्या लादीवर त्याची ओली पावलं उमटली. चंद्राने त्याला खाटेवर बसवून तळवे पाहिले, तर मोठाले फोड येऊन फुटलेले. दुखतंय का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "काय दुखतंय?"

तिथे ती घाबरली.

पाय सागवानी झालेच नव्हते. रक्तातल्या साखरेने वर्षानुवर्षं पायांच्या नसा बोथट केल्या होत्या. चटका बसला, काटा रुतला, तरी वर निरोप जाईना. शिवाय अशी जखम भरते सावकाश आणि चिघळते भराभर. मासेमारी बंद असलेला सगळा पावसाळा मलमपट्टीत गेला. नारळी पौर्णिमेला काही आठवडे उरले असताना कातडी धरली, पण नवी कातडी पातळ असते. पुन्हा जखम झाली तर बोटं जातील, कदाचित पाऊलही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेव्हापासून शाळेत जाण्याआधी नात हिना आजोबांचे पाय तपासू लागली. मासा पारखतात तसे. टाच दाबून बघायची, बोटं फाकवून आत बघायची, वर वासही घ्यायची. मग तळव्याला खोबरेल लावायचं, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवायच्या. शेवटी ती निकाल द्यायची, ताजा.

"एखाद दिवस शिळा म्हण की," मोतीराम कुरकुरायचा.

"मग बर्फात ठेवावं लागेल, आजोबा."

पण नारळी पौर्णिमा जवळ आली तशी त्याची थट्टा आटली. आपल्या होडीतून समुद्राला नारळ तांडेलानेच द्यायचा. मुलगा जतीन म्हणाला, यंदा मी देतो. मोतीराम त्याच्याशी बोलायचाच बंद झाला. एक दिवस अनवाणी गेलो तर काय होतंय, असं तो भिंतीला ऐकवू लागला. शेवटी चंद्रा म्हणाली, "नारळ मी देते. तुम्ही पाटी घेऊन बाजारात बसा, आणि भाव कमी करू नका."

एवढं बोलून ती थेट हरेश्वरकाकांकडे गेली. हे गावातले सगळ्यात म्हातारे तांडेल. होडीच्या रीतीबाबत त्यांचा शब्द शेवटचा. होडीवर पायताण का चालत नाही, असं तिने विचारलं. काका म्हणाले, जमिनीची घाण देवीच्या अंगावर जाते म्हणून.

"आणि ज्या बुटाने जमीनच बघितली नाही?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "असा बूट असतो कुठे?"

"दुकानात असतो."

काकांनी कप पुन्हा उचलून चहा संपवला. मग म्हणाले, आणा, पण वाटेत जमिनीला टेकवला तर बाद.

जतीन डहाणूला जाऊन बूट घेऊन आला. पुढून रुंद, आतून मऊ, कुठेही टोचणारी शिवण नाही, डॉक्टरांनी सांगितले तसे. रिक्षात त्याने खोका मांडीवर धरला होता. पौर्णिमेच्या दिवशी चंद्राने बूट ताटात घेतले, टोकांना कुंकू लावलं. हिनाने सवयीने आत हात घालून खडा तर नाही ना, हे पाहिलं. मोतीरामला खुर्चीवर बसवून बूट चढवले आणि चार जणांनी खुर्चीच उचलली.

बेंजोवाले आलेच होते. बायांनी लग्नाची गाणी सुरू केली. आशागडहून नारळी पौर्णिमा बघायला आलेल्या एकाने विचारलं, लग्न कुणाचं. मासळीवाली पुतळी म्हणाली, "बुटांचं. दोघंही एकाच दुकानातली." त्यावर गाणाऱ्या बायांना इतकं हसू आलं, की गाणं मध्येच तुटलं. मोतीराम वरून सगळ्यांना गंभीरपणे नमस्कार करत होता.

होडी गुडघाभर पाण्यात होती. खुर्ची जवळ पोचणार, तेवढ्यात लाट आली. पुढचे दोघे हेलपाटले, खुर्ची कलंडली आणि मोतीराम धपकन पाण्यात बसला. पण दोन्ही पाय त्याने आभाळाकडे धरले होते, तान्ह्या पोरासारखे. जतीनने मागून त्याच्या काखांत हात घालून त्याला धरलं, दुसऱ्याने पोटऱ्या धरल्या. बेंजो थांबला. सगळे हरेश्वरकाकांकडे बघू लागले.

काका पाण्यात उतरले, वाकून दोन्ही तळ बारकाईने पाहिले. कोरडे होते.

"बसायची जागा भिजली," ते म्हणाले. "तिच्यावर काही नियम नाही. चढवा."

किनाऱ्यावर जो हशा उसळला त्यात चंद्राला हातही जोडता येईनात. ती पुतळीच्या खांद्याला धरून वाकून हसत राहिली. मोतीरामला उचलून होडीत उभं केलं. त्याने नारळ कपाळाला लावला, पाण्यात सोडला आणि सुकाणू धरलं. चड्डीतून पाणी गळत होतं. जतीनने इंजिन सुरू केलं. पायाखालची फळी मोतीरामला कळली नाही, ती आता कळणारही नव्हती. पण इंजिनाची थरथर गुडघ्यांपर्यंत चढत आली, ती त्याला नीट कळली.

"चालली," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा स्वतःही हसू लागला.