नहेम्या आणि एस्तेरच्या मधे

एस्तेरबाई रणपिसे भोरला मुलाकडं राहत. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तशी बायबलमधली अक्षरं पुसट होत गेली आणि शेवटी दिसेनाशीच झाली. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलत. मुलगा सुयश शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जायचा; वाचून दाखवायला त्याला सवड नसे.

नेत्रशिबिरात त्यांची गाठ सिस्टर रेजिनाशी पडली. सिस्टर मूळच्या वसईच्या, धर्मभगिनी. वेल्ह्याकडच्या एका गावात दवाखाना चालवायच्या आणि मंगळवारी औषधं न्यायला भोरला यायच्या. "मी वाचून दाखवीन, आजी," त्या आपणहून म्हणाल्या.

एस्तेरबाईंनी आधीच बजावलं, "तुमी कॅथलिक, आमी प्रोटेस्टंट. नुसतं वाचायचं. अर्थ सांगायचा न्हाई."

पण मंगळवारी वाचताना सिस्टरना कधीकधी राहवत नसे. चर्चच्या जुन्या संतांनी या ओळीबद्दल काय सांगितलंय, ते त्या सांगायला लागत. एस्तेरबाई लगेच हात वर करत. "ते माणसाचं बोलणं. पुढं वाचा."

एकदा एस्तेरबाईंचं बायबल बांधणीला टाकलेलं होतं, म्हणून सिस्टरनी आपलं आणलं. त्यातून त्यांनी तोबितची गोष्ट वाचली. चिमण्यांची घाण डोळ्यांत पडून आंधळा झालेला म्हातारा, विणकाम करून घर चालवणारी त्याची बायको, मुलाला वाटेनं सोबत करणारा देवदूत, आणि माशाच्या पित्तानं परत आलेली दृष्टी. एस्तेरबाई तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या. म्हाताऱ्याला मुलाचं तोंड दिसलं तेव्हा त्या रडल्या.

"कुठलं पुस्तक हे?"

"तोबित. नहेम्यानंतर येतं."

एस्तेरबाई ताठ झाल्या. संडे स्कूलात पाठ केलेली नावं त्यांनी पुटपुटून पाहिली. "एज्रा, नहेम्या, एस्तेर. नहेम्यानंतर माजंच नाव. मधी कोण न्हाई."

"आमच्या बायबलमध्ये आहे, आजी."

"मंग ते तुमच्या लोकांनी घातलं."

"कुठली पुस्तकं ठेवायची हे चर्चनंच ठरवलं ना? आकाशातून यादी थोडीच पडली?"

"चर्चनं ठरवलं न्हाई, देवाचं कुठलं ते नुसतं वळखलं. पवित्र शास्त्र चर्चच्या वर हाय." एस्तेरबाईंनी हात वर केला. "मी देवाचं वचन समजून रडले, सिस्टर. आता येऊ नका."

सिस्टर आपलं बायबल पिशवीत घालून गेल्या.

सुयशनं मोबाईलवर बायबल लावून दिलं. मोबाईल न अडखळता वाचायचा. त्याला थांबवून बोलायची सोय नव्हती, आणि तोही कधी वाद घालत नसे. एस्तेरबाईंना ते ऐकताना झोप यायची. दिवाळी झाल्यावर त्या सुयशला म्हणाल्या, "कर बाबा ते ऑपरेशन."

डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिल्यावर त्या एकट्याच एसटीनं निघाल्या. नसरापूरला गाडी बदलून दुपारच्या आत दवाखान्यात पोचल्या. सिस्टर एका पोराच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्या बघतच राहिल्या.

"तुमचं ते पुस्तक द्या," एस्तेरबाई म्हणाल्या.

ओसरीवर बसून त्यांनी तोबित पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. रोगी येत-जात राहिले. सगळे गेल्यावर सिस्टर शेजारी येऊन टेकल्या. "काय म्हणता?"

"गोष्ट लई चांगली हाय. पण शास्त्र न्हाई." एस्तेरबाईंनी चष्मा पुसला. "आणि तो म्हातारा मला पटला न्हाई. बायको राबून घर चालवती. तिला कुणी खुशीनं करडू दिलं, तर हा म्हणतो चोरलंस! देवभक्त माणसाचं बोलणं का हे?"

सिस्टर खळखळून हसल्या. "पुस्तकात तो चुकतोच, आजी."

"व्हय. म्हणून तर वाचत ऱ्हायले." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी त्या दिवशी वाईट बोलले. माजं मत बदललं न्हाई, पण तसं बोलाय नको होतं."

"माझंही मत बदललेलं नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात घेतला.

आतून भाताचा वास येत होता. सिस्टर ताटं करायला उठल्या, तशा एस्तेरबाई मागून म्हणाल्या, "आमच्यात नसलेली अशी अजून किती हाईत तुमच्याकडं?"

"सहा."

"मंग जेवल्यावर दुसरं काढा. एसटीला अजून वेळ हाय."