जिनं वायर आणली, तिनं गायचं

वरदा चॅपलच्या मागच्या बाकावर बसली होती आणि मनातल्या मनात गाण्याचे शब्द घोकत होती. का घोकणार नाही? वॉटफर्डला वाढलेली पोरगी, पेशानं ब्रॉडबँड इंजिनिअर, बाथरूमच्या बाहेर जन्मात कधी गायली नाही. आणि आज वेल्सच्या डोंगरातल्या गावात, भरल्या चॅपलसमोर, वेल्श भाषेत गाणार होती! तेही एकटी, पेटी-तबल्याशिवाय.

भानगड तिनंच ओढवून घेतलेली. वेल्स म्हणजे केवढासा देश; सगळी मिळून पुण्याएवढी माणसं नाहीत, मेंढ्या मात्र माणसांच्या तिप्पट. पण आपल्या भाषेबद्दल असे कडवे की विचारू नका. वरदानं तीन वर्षं खपून या दरीत फायबरचं इंटरनेट आणलं, तेव्हा सगळ्यांत आधी जोडणी घेतली ती एलुनेदबाईंनी. वय अठ्ठ्याहत्तर, पण आठवड्याभरात मेंढ्यांची सगळी कागदपत्रं ऑनलाइन करून मोकळ्या. वरदाला वाटलं, ही बाई आपल्यातलीच.

तर इथे दर जानेवारीत प्लगाइन असतं. संध्याकाळी गाव चॅपलमध्ये जमतं. ज्याला वाटेल तो उठतो, पुढे जाऊन ख्रिस्तजन्माचं जुनं गाणं म्हणतो आणि मुकाट जागेवर येऊन बसतो. नाव पुकारणं नाही, वाद्य नाही, टाळ्या तर नाहीतच. आणि आपल्या भेंड्यांसारखं, एकदा झालेलं गाणं पुन्हा म्हणायचं नाही.

वरदाची आई मधुमती लंडनमधल्या हॅरोच्या एका केअर होममध्ये नर्स होती. तिथल्या मेगन आजी म्हणजे एलुनेदबाईंची सख्खी थोरली बहीण. विशीत लंडनला नोकरीला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या.

"वरदा, त्यांना एकदा ते प्लगाइन ऐकव गं," आईनं फोनवर सांगितलं. "डॉक्टर म्हणतात, पुढचा जानेवारी काही त्यांना दिसत नाही."

एवढंच ना? चॅपलमध्ये टॅबलेट ठेवायचा, व्हिडिओ कॉल लावायचा, संपलं. पण एलुनेदबाईंनी साफ नकार दिला.

"वायर मेंढवाड्यात चालेल, इथे नाही. प्लगाइन बघायचं नसतं, गायचं असतं. आज मेगन बघेल, उद्या सगळं गाव सोफ्यावरून बघेल. मग इथे गाणार कोण?"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत! वरदानं आठवडाभर त्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे. जिनं वायर आणली, तिनं गायचं. नाही गायलीस, तर मी स्वतः उठून प्लग काढीन."

मग मेगन आजींनीच तिला कॉलवर एक गाणं शिकवलं, त्यातल्या त्यात सोपं. वर बजावलंही, "दोन तयार ठेव, पोरी."

"एकच कसंबसं जमतंय आजी, तेवढं पुरे," वरदा म्हणाली. लहानपणी भेंड्या खेळलेल्या पोरीला एवढं कळू नये? जे सोपं, ते सगळ्यांनाच येणार की!

आणि झालंही तसंच. वरदा 'आता उठते, आता उठते' करत बसली आणि तेवढ्यात एक बाप आणि त्याच्या दोन मुली पुढे गेल्या. पहिल्या ओळीलाच वरदाच्या तोंडचं पाणी पळालं. तिचंच गाणं!

तिनं घाईघाईनं आईला मेसेज केला : "आई, माझा गाणं गेला!!" घाबरली की तिचं मराठी असं वाकडंतिकडं व्हायचं.

"थांब जरा," आईचं उत्तर आलं. थांब काय थांब! एकेक करून सगळे गाऊन झाले. माना हळूहळू मागे वळल्या. एलुनेदबाईंनी आधी वरदाकडे बघितलं, मग टॅबलेटच्या भिंतीतल्या प्लगकडे, आणि काठी टेकवून उठायला लागल्या.

वरदा ताडकन उठली. काय म्हणणार होती, देव जाणे. पुढे जाऊन टॅबलेटशेजारी उभी राहिली, तोंड उघडलं, आवाज फुटेना.

आणि आवाज आला. टॅबलेटमधून! चिरका, थरथरता, पण सुरात. मेगन आजी उशीला टेकून गात होत्या, आई त्यांचा हात धरून बसली होती. ते गाणं गावात कुणी ऐकलेलंच नव्हतं. फक्त एलुनेदबाई जागच्या जागी थिजल्या. ते त्यांच्या वडिलांचं गाणं होतं. मेगन लंडनला गेल्यापासून घरात कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या ओळीला आजी अडखळल्या. वरदाच्या झटकन लक्षात आलं. चॅपलमधल्या टॅबलेटचा माइक त्यांचाच आवाज उशिरानं परत पाठवत होता, आणि आजी स्वतःच्याच सुराला अडखळत होत्या. तिनं माइक बंद केला. आता आजींना इकडचं काहीच ऐकू येणार नव्हतं, पण गाणं सरळ चालू लागलं.

तिसऱ्या कडव्याला शेजारी काठी वाजली. एलुनेदबाई टॅबलेटपाशी आल्या होत्या. त्यांनी खालचा सूर धरला, धाकट्या बहिणीचा. आता दोन म्हाताऱ्या गात होत्या, एक हॅरोत, एक इथे, आणि वरदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. हसूही येत होतं. काय गंमत आहे! स्वतः एक ओळही न गाता तिला नाचावंसं वाटत होतं.

गाणं संपलं. टाळ्या नाहीत. वरदानं माइक सुरू केला.

"खालचा सूर कुणी धरला का गं?" मेगन आजींनी विचारलं. "मला काहीच ऐकू आलं नाही."

"मी धरला," एलुनेदबाई म्हणाल्या. "तू अजून घाईच करतेस."

पडद्यावर आजी हसल्या आणि हसता हसता रडल्या. एलुनेदबाईंनी बाही डोळ्यांना लावली आणि वरदाकडे वळल्या.

"जिनं वायर आणली, तिनं गायचं, असं ठरलं होतं. तू गायली नाहीस."

वरदाचा जीव खाली-वर झाला. बाई भिंतीकडे गेल्या, वाकल्या, आणि कुणाचा पाय अडकू नये म्हणून लोंबणारी वायर नीट बाकाखाली सारली.

"पुढच्या वर्षी दोन तयार ठेव," त्या म्हणाल्या.