अकरावी घटका

गुंजी स्टेशनावर उतरल्यापासून हरिभाऊ वकिलांचं तोंड वाकडं होतं. पुतणीचं, सुनंदाचं लग्न, आणि मुहूर्त बघणार कशावर, तर तांब्याच्या वाटीवर! आपल्या मनगटावर विलायती घड्याळ असताना धाकट्या भावाने ते नाकारलं, हा अपमान ते बेळगावपासून चघळत आले होते. भाऊ रघुवीर गावचा जोशी. या घरातली लग्नं घटकेवरच लागतात, एवढंच त्याने पत्रात लिहिलं, आणि दोघांचं बोलणं तिथेच तुटलं.

हरिभाऊंची नऊ वर्षांची विनोदिनी मात्र सुनंदाआक्काच्या लग्नाने हरखली होती. पोर शहाणी, पण शहाणपण बेळगावचं. घटिकापात्र तिने जन्मात पाहिलं नव्हतं. देवघरात पाण्याचं घंगाळ, त्यावर तरंगणारी वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी चढून वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. मग ती उपसून पुन्हा सोडायची. सूर्य उगवल्यापासून रघुकाका तेच करत बसले होते. अकरावी घटका बुडेल तो मुहूर्त. पण हे पोरांना समजावून सांगायला लग्नघरात सवड कुणाला?

अकराव्या घटकेची वाटी पाण्यावर सोडून काका वरपक्षाला सामोरे गेले, तेवढ्यात विनोदिनी आत डोकावली. वाटीत पाणी शिरत होतं. म्हणजे फुटकी! ऐन लग्नात वाटी बुडणार आणि आक्काला सासरचे नावं ठेवणार. घरी हंडा गळायला लागला की आई मेणाने बुजवी. विनोदिनीने आईच्या कुंकवाच्या डबीतलं मेण आणलं, वाटी उपसून पुसली, भोकात मेण दाबलं आणि परत पाण्यावर ठेवली. मान वर केली तर दारात तिचे अप्पा.

हरिभाऊंनी वाटी पाहिली. मग घड्याळ पाहिलं.

"शहाणी गं माझी," ते म्हणाले आणि मांडवात जाऊन बसले.

अंतरपाट धरला. भटजींची मंगलाष्टकं संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. अक्षता घामाने मुठीत चिकटल्या. देवघरात परतून वाटीपाशी बसलेल्या काकांची हाक काही येईना. शेवटी हरिभाऊ उठले आणि भर मांडवात म्हणाले, की मुहूर्त टळून अकरा मिनिटं झाली, जोश्याला स्वतःच्या लेकीची वेळ कळत नाही. नवऱ्या मुलाच्या बापाने मुलाचा हात धरून त्याला बोहल्यावरून खाली ओढलं. मुहूर्त चुकलेली सून त्याला नको होती. अंतरपाटामागे सुनंदा हुंदके देऊ लागली.

काका वाटी घेऊन बाहेर आले. त्यांनी ती उलटी केली, बुडाचं मेण सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, हे कुणी केलं.

विनोदिनी पुढे आली. आक्काचं रडणं तिला ऐकवेना.

"मी केलं, काका. वाटी गळत होती. आक्काला कुणी बोलू नये म्हणून. अप्पांनी बघितलं की. शहाणी म्हणाले मला."

सगळा मांडव हरिभाऊंकडे वळला. भल्याभल्या साक्षीदारांना कोर्टात रडवणारा माणूस, पण या साक्षीदारासमोर त्यांनी मनगटावरचं घड्याळ बाहीत सारलं.

व्याह्याने मुलाचा हात सोडला. अखेर संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न लावायला तो तयार झाला. अट एकच, हा घड्याळवाला मांडवात दिसता कामा नये.

काकांनी काट्याने मेण उकरून विनोदिनीच्या तळहातावर ठेवलं.

"तुझं काही चुकलं न्हाई, बाळ. तुझं मेण घे, आणि तुझ्या बापालाही घेऊन जा."

बेळगावची गाडी दिवस मावळल्यावर होती. तोवर तिघं फलाटावर बसून राहिली, आई पदराने डोळे पुसत, अप्पा दोन हात लांब. विनोदिनीला राहवेना. ती जवळ गेली.

"अप्पा, मी शहाणी नाही का?"

हरिभाऊंनी घड्याळाच्याच हाताने तिच्या थोबाडीत मारली.

तेवढ्यात गावाकडून ताशा वाजला. आक्काचं लग्न लागलं होतं. गाल चुरचुरत असतानाही विनोदिनीला बरं वाटलं. पण त्या संध्याकाळी तिला अप्पांचा जो राग आला, तो पुढे कधीच गेला नाही.