लाल खात्याची पांढरी मुतारी

मित्रांनो, मी एक जुनी मुतारी आहे. हसून घ्या, मी थांबते. तलवारी, घड्याळं, वडाची झाडं यांची आपापली जीवनकथा सांगून झाली आहे आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या आहेत. माझ्यासमोर हजारो माणसं उभी राहिली, पण माझं ऐकायला कोणी थांबलं नाही. आपलं काम झालं की बटणं लावायची आणि निघायचं.

माझा जन्म चिनी मातीच्या भट्टीत झाला. त्याच भट्टीत, त्याच दिवशी सुपाची भांडी आणि फुलदाण्याही भाजल्या गेल्या. त्या चांगल्या घरी पडल्या. मी आणि माझी जुळी बहीण बाझल शहरात, ऱ्हाइन नदीकाठच्या एका रंगाच्या कारखान्यात आलो. लाल खात्याच्या मागच्या भिंतीवर आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. मुकादम ब्रोडबेक यांनी माझ्या अंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एवढी पांढरी वस्तू या कारखान्यात दुसरी नाही." माझी एवढीच काय ती स्तुती झाली. ती मी जपून ठेवली आहे.

त्या कारखान्यात माणसं आत जशी जात तशी बाहेर येत नसत. रंगाची पूड हातांवर बसे, कानांत जाई, पावात जाई आणि शेवटी माझ्याकडे येई. पिवळ्या खात्यातल्या माणसाचं पाणी केशरी, लाल खात्यातल्याचं गुलाबी. कोण कुठे कामाला आहे हे मला तोंड न बघता समजे. नवा गडी लागला की सगळे वाट बघत. ज्या दिवशी त्याचं पाणी पहिल्यांदा रंगीत होई, त्या दिवशी शेजारचा माणूस हाका मारून बाकीच्यांना बोलावी. सुटी झाल्यावर त्याला बिअर पाजत. तोवर तो नुसता नोकर असे. त्यानंतर तो रंगवाला.

नोल्डी गीझिन असाच रंगवाला झाला, तेव्हा तो विशीत होता. बाझलमध्ये हिवाळ्याच्या शेवटी फास्नाख्त असतो. पहाटेच्या अंधारात मुखवटे घालून, ढोल बडवत सारं गाव रस्त्यावर येतं. नोल्डी आपल्या गटाचा पहिला ढोलवाला. माझ्यासमोर उभा असतानाही त्याची मोकळी बोटं भिंतीवर ताल धरत. माझ्या बहिणीसमोर मोरांड उभा राही. तो सरहद्दीपलीकडच्या फ्रेंच आल्झासमधल्या खेड्यातून रोज सायकलवर येई. दोघं एकाच पिंपावर कामाला होते आणि लघवीलाही एकदमच येत.

"काय नोल्डी, आज गुलाबाची बाग फुललीय."

"तू तुझं बघ. फ्रेंच वाइन गळतेय, आणि तीही भेसळीची."

असं वर्षानुवर्षं चाललं. दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, केस गेले. विनोद तोच राहिला.

मित्रांनो, आता त्या पुडीबद्दल सांगते. लाल रंग एका करड्या पुडीपासून बने. ती फावड्याने पिंपात लोटायचं काम या दोघांचं होतं. पुडीला ना रंग होता ना डौल, त्यामुळे तिची कोणाला भीती वाटत नसे. कारखाना या दोघांना रोज एक पेला दूध देई. दुधाने विष उतरतं असा समज होता. गाईंना याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. अशी पूड हाताळणाऱ्यांच्या मूत्राशयात खूप वर्षांनी गाठ धरते, हे डॉक्टरांच्या पुस्तकांत केव्हाच छापून आलं होतं. पण पुस्तकं वरच्या मजल्यावर होती आणि पिंपं तळमजल्यावर. त्यातून मुकादमाला वारंवार मुतारीला गेलेलं खपत नसे. मग माणसं तासन् तास धरून ठेवत, आणि पोटात गेलेलं विष तिथेच मुक्काम करी.

एका शरद ऋतूत लाल खातं दुरुस्तीसाठी बंद झालं. नोल्डी आणि मोरांडला खोकी रचायला गोदामात पाठवलं. मोरांडचं पाणी चार दिवसांत नितळ झालं. पंधरवडा उलटला तरी नोल्डीचं लालच होतं, आणि आता ते गुलाबीही राहिलं नव्हतं.

मोरांडने वाकून पाहिलं. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

"नोल्डी, खातं बंद आहे."

"माहीत आहे की."

"मग हे कुठून येतंय?"

"अंगात मुरलेला रंग असेल. एवढ्या वर्षांचा. निघेल हळूहळू."

"माझ्या अंगातनं निघाला, तुझ्यातच कसा मुरला?"

"तू कामचुकार. तुझ्यात होताच किती?"

ब्रोडबेक मुकादमांनाही विचारून झालं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, "रंगच आहे. जुन्या गड्यांचं होतं असं." त्या वाक्याने सगळ्यांना बरं वाटलं, मुकादमांना सगळ्यात जास्त. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातला माणूस ते पाणी पाहून त्याच दिवशी डॉक्टरकडे धावला असता. पण या लोकांनी लाल पाणी इतकी वर्षं बिअर पिऊन साजरं केलं होतं. घाबरायचं असतं हे ते विसरून गेले होते.

मोरांड मात्र रोज एकदा टोके.

"डॉक्टरकडे जा लेका."

"फास्नाख्त होऊ दे."

"डॉक्टर काय तुझा ढोल काढून घेणारे?"

"मला आडवा पाडला तर पहिला ढोल कोण वाजवणार? तू? तुमच्याकडे तर ताशाला पण झोप येते."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"तीन दिवसांचा सण आहे, मोरांड. तो झाला की जातो. शपथ."

हिवाळाभर मी ते पाहिलं. मधूनच आठवडाभर पाणी साफ होई. मग नोल्डी मोरांडला खांद्याला धरून दाखवी, "बघ, निघाला की नाही रंग?" आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल. मला तोंड असतं तर मी बोलले असते. मला होतं ते एक पांढरं अंग. ते मी होईल तेवढं पांढरं ठेवलं.

फास्नाख्तात नोल्डीने ढोल वाजवला. तीनही दिवस वाजवला. चौथ्या दिवशी तो माझ्यासमोर आला, तेव्हा एक हात भिंतीला टेकून उभा होता. ताल धरला नव्हता. मोरांड म्हणाला, "चल." नोल्डी म्हणाला, "चल." त्यानंतर तो कारखान्यात आला नाही.

गाठ मूत्राशयाच्या भिंतीतून पलीकडे गेली होती. शरद ऋतूत आला असता तर कदाचित खरवडून काढता आली असती, असं डॉक्टरांनी नोल्डीच्या बायकोला सांगितलं. बायकोने ते मोरांडला सांगितलं, आणि मोरांडने माझ्यासमोर उभं राहून स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं. चेरी पिकायच्या आधी नोल्डी गेला. गटाने मुखवटे न घालता त्याच्यामागे ढोल वाजवले.

मग एक गोष्ट घडली. माणसं खाली बघायला लागली. एकेक जण उभा राही, बघे आणि बराच वेळ बघतच राही. शेजाऱ्याला विचारी, "हा रंग आहे ना रे?" शेजाऱ्यालाही ठाऊक नसे. कामाचा खोळंबा होऊ लागला. कारखान्याने यावर त्वरेने उपाय केला. पूड बदलली असं तुम्हाला वाटलं असेल. ती बदलली, पण पुष्कळ वर्षांनी. आधी मुताऱ्या बदलल्या. नव्या मुताऱ्या काळ्या झिलईच्या होत्या. ब्रोडबेक म्हणाले, "पांढऱ्यावर फार दिसतं."

काढताना माझ्या बहिणीचे दोन तुकडे झाले. मी भंगारात गेले असते. पण मोरांडने मला पोत्यात गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि सरहद्दीपलीकडे नेलं. नाक्यावरच्या शिपायाने काय आहे म्हणून विचारलं. मोरांडने पोतं उघडून दाखवलं. शिपायाने पुढे काही विचारलं नाही.

आता मी त्याच्या परसात, खोपटामागच्या भिंतीवर आहे. त्याची बायको ओडील सुरुवातीला फार चिडली. "घरात चांगला संडास असताना हे काय नवीन? लोक काय म्हणतील?" मोरांड म्हणाला, "घरातल्यात पाणी साठलेलं असतं. रंग कळत नाही." त्यानंतर दर शनिवारी ओडील स्वतःच मला घासते.

मोरांड म्हातारा झाला. करडी पूड बंद होऊनही जमाना झाला. पण ती माणसाच्या आत बसून वाट बघते, आणि तिला घाई नसते. म्हणून तो रोज सकाळी येतो, काम उरकतो, वाकून बघतो आणि म्हणतो, "आज नाही, नोल्डी."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा अशी विनंती मी करणार नाही. तुमच्या घरातलं कोणी रंगाच्या, रबराच्या, कातड्याच्या कामाला जात असेल, तर त्यांना एवढंच विचारा, की आज खाली बघितलं का. ते हसतील, तुम्हाला दटावतीलही. तरी विचारा.

काल सकाळी मोरांड आला. वाकला. रोजचं वाक्य तो बोलला नाही.

ओडीलने स्वयंपाकघरातून हाक मारली, "कॉफी गार होतेय."

"आल्यावर घेतो," तो म्हणाला. त्याने टोपी घातली आणि सायकल भिंतीपासून सोडवली. द्राक्षं तोडायची राहिली होती, रविवारी नातवाचं बारसं होतं. तरी तो दवाखान्याच्या रस्त्याला लागला.