चौथ्या दिवसाचा सूर्य

शांतवन आवळे वारणानगरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवत होते. तेव्हापासूनच ते गावातल्या चर्चच्या पंचांतही होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं. बायबलमध्ये प्रकाश पहिल्या दिवशी झाला, आणि सूर्य, चंद्र, तारे चौथ्या दिवशी. मग मधले तीन दिवस उगवले-मावळले कशाच्या जोरावर? खगोलशास्त्रालाही पटेल असं याचं उत्तर त्यांना हवं होतं. सहा वर्षांत दोनशे पानी वही भरली. तिची प्रत त्यांनी पुण्यात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला, मोनाला, पाठवली. "मिळाली," एवढंच तिनं कळवलं.

चर्चच्या वर्धापनदिनाला उपासनेनंतर ते वही वाचणार होते. मोना आली. तिला बघून शांतवन सरांनी सगळ्यांना सांगितलं, "डॉक्टर हाय माझी पोरगी. ताऱ्यांची."

त्यांनी पाऊणएक तास वाचलं. दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत, युगं. सूर्य आधीपासून होताच. पण पृथ्वीवर ढगांचा जाड थर होता, उजेड झिरपायचा, बिंब दिसायचं नाही. चौथ्या युगात ढग फाटले आणि सूर्य दिसला. लोक खूश झाले. मागून बाळासो मिस्त्री ओरडले, "आता कोण काय म्हणतंय बघू की!"

पाळकांनी मोनाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली, पण माईकपाशी गेली नाही. वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, फळझाडं कितव्या दिवशी?"

"तिसऱ्या."

"आणि मासे?"

"पाचव्या."

"विज्ञानात आधी काय आलं? मासे का आंब्याचं झाड?"

सर वहीची पानं चाळू लागले. "मासे," ते म्हणाले.

"पक्षी आधी का जमिनीवरचे प्राणी?"

"प्राणी."

"तुमच्या वहीत?"

"पक्षी पाचव्या दिवशी. प्राणी सहाव्या."

"सगळ्या ताऱ्यांच्या आधी पृथ्वी होती का, सर? का तेही ढगामागं?"

कुणीतरी हसलं. पाळक म्हणाले, "मोनाताई, पुरे."

"एकच राहिलंय." मोना लोकांकडे वळली. "मी अकरा वर्षांची होते. सूर्य नसताना संध्याकाळ कशी झाली, असं रविवारच्या वर्गात विचारलं. सरांनी मला त्या दारात अंगठे धरून उभं केलं. उपासना संपेपर्यंत. मला लघवी झाली. तुम्ही सगळे माझ्या बाजूनं बाहेर गेलात. आई, तू पण." मग ती परत वळली. "सर, माहीत नाही म्हणा."

"मोना..."

"माहीत नाही म्हणा."

"माहीत न्हाय," सर म्हणाले. ती जागेवर बसली. थोड्या वेळानं लोक जेवायला उठले.

घरी आल्यावर सरांनी वही उघडली. रागावलेले दिसत नव्हते. "माशांचं खरं हाय तुझं. तिसरा भाग काढूनच टाकावा लागंल." मग त्यांनी विचारलं, "प्रत सहा महिन्यांपूर्वी पाठवलीती. वाचली न्हवतीस व्हय?"

"वाचली. आली त्याच दिवशी."

"मग कळवायचं न्हाय?"

"कळवलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं."

सरांनी वही मिटली, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. स्वयंपाकघरातून आई, सरुबाई, एवढंच म्हणाली, "तू अंगठे धरून उभी हुतीस तवा मी पाणी घेऊन आल्ते. ह्यांनी दारातनं माघारी धाडलं." मोनाला ते माहीत नव्हतं. तिनं पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीनं पुणं गाठलं.

पंचांतून सरांनी राजीनामा दिला. लिहिणं सोडलं. फोन आईच करायची.

नाताळला आईनं फार गळ घातली म्हणून मोना आली. सर सोप्यात खुर्चीवर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"या. बसा. अगं, पावणं आल्यात, पाणी आण."

थट्टा करतात असं वाटून मोना हसली. ते हसले नाहीत. गाडीत गर्दी होती का, चहा घेणार का, मुक्काम किती, असं सगळं त्यांनी अदबीनं विचारलं.

"बाबा, मला अहो-जाहो काय करताय?"

"तुम्ही शिकलेली माणसं," सर म्हणाले, आणि तिच्यासाठी खुर्ची पुसली.