पाच नंबरच्या बेडवर भावोजी

"पाच नंबरवर नवीन पेशंट. बासष्ट वर्षं, तीन दिवस ताप, श्वास लागलाय. न्यूमोनिया वाटतोय," ड्यूटीवरच्या ब्रदरकडून एवढं ऐकून धाकटी पडदा सारून आत गेली आणि जागच्या जागी थांबली.

बेडवर तिचे भावोजी होते. उशाशी, त्यांचा चष्मा दोन्ही हातांत धरून, थोरली उभी होती. दोघी बहिणी सहा वर्षांनी समोरासमोर येत होत्या.

थोरलीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "हे सकाळपासून भलतंच बोलतायत. बघता का जरा?"

सिस्टर! आणि वर 'बघता का'! जिने लहानपणी हिच्या वेण्या घातल्या, शाळेत पोचवलं, पाठीत धपाटे घातले, ती बहीण तिला अहो-जाहो करत होती.

अचानक गंभीर झालेले पेशंट आधी या वॉर्डात येत. धाकटी इथे नर्स प्रॅक्टिशनर होती. अठरा वर्षं नर्स म्हणून काढल्यावर पुन्हा अभ्यास करून, परीक्षा देऊन तिने हे काम मिळवलं होतं. पेशंट तपासायचा, काय बिघडलंय ते शोधायचं, तपासण्या आणि औषधं सुरू करायची, आणि कुठे थांबून डॉक्टरांना हाक मारायची ते ओळखायचं. निम्मे पेशंट तिला डॉक्टर म्हणत, निम्मे सिस्टर. अर्धा तास सगळं समजावून सांगितल्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, "ते सगळं ठीक आहे, पण डॉक्टर कधी येणार?" एरवी तिला याचं हसू यायचं.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "पाच नंबरचे पेशंट माझे भावोजी आहेत. यांना मी बघणं बरोबर नाही."

"मी वर अडकलोय, एकाचं हृदय बंद पडलंय," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "वीस मिनिटं तरी लागतील. तोवर थांबता येईल?"

तिने मॉनिटरकडे पाहिलं. रक्तदाब चौऱ्याऐंशीवर पन्नास, नाडी एकशे चोवीस. रक्त नीट पोचत नसल्यानं गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग सुरू कर. मी आलोच."

तिने हात धुतले आणि भावोजींच्या खांद्याला हात लावला. भावोजी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, हिलाही. आता त्यांचे डोळे छतावर होते आणि उजवा पाय चादरीखाली काहीतरी दाबत होता.

"क्लच हळू सोड," ते म्हणाले. "घाई नको. मागचा वाजवू दे हॉर्न."

"सोडते हळू," धाकटी म्हणाली. "भावोजी, कुठे दुखतंय?"

"आरशात बघ आधी."

श्वास मिनिटाला तीस होता, पण छाती स्वच्छ वाजत होती. ऑक्सिजनही बरा होता. न्यूमोनियाचा श्वास असा नसतो. शरीरात आम्ल साठायला लागलं की माणूस असा धापा टाकतो, हे तिने बरेचदा पाहिलं होतं. म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं. मान, घसा, पाठ, पायाच्या बोटांच्या बेचक्या असं एकेक बघत ती पोटावर आली. बेंबीखाली पोट टणक आणि गोल लागलं. बोटांनी वाजवून पाहिलं तर आवाज बद्द. तिने जरा दाबलं, तसे भावोजी कळवळले.

"लघवी कधी झाली होती शेवटची?"

"लघवी?" थोरली गोंधळली. "रात्रभर उठत होते, पण होत नव्हतं म्हणे. मला वाटलं, तापामुळे पाणीच कमी प्यायलेत."

"आणि त्याआधी? धार बारीक झाली होती का?"

"वर्षभर. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचे, या वयात सगळ्यांचीच गाडी अशी चालते."

मूत्राशय फुगून बसलं होतं, त्यात जंतू वाढले होते आणि तिथून ते रक्तात उतरले होते. धाकटीने भराभर सांगायला सुरुवात केली. दोन सुया, रक्ताच्या तपासण्या, सलाईन, मूत्रपिंडांची सोनोग्राफी. लघवीची नळी घालायला मात्र तिने वॉर्डातल्या ब्रदरला बोलावलं आणि स्वतः पडद्याबाहेर गेली. शुद्धीवर आल्यावर भावोजींना तिच्याकडे मान वर करून बघता यायला हवं होतं.

गढूळ, घाण वासाची लघवी पिशवीत उतरत राहिली. हजार मिलिलिटरच्याही वर.

ट्रेमध्ये अँटिबायोटिक तयार होतं. कागदावर ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. धाकटीने इंजेक्शनचं नाव वाचलं आणि तिचा हात थबकला.

"ॲलर्जी नाही असं कुणी सांगितलं?"

"मीच," थोरली म्हणाली. "त्यांना कसलीच नाही."

"लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, यांची दाढ सुजली होती..."

थोरलीच्या कपाळावर आठी पडली. मग तिचा हात तोंडावर गेला. "इंजेक्शननं ओठ भोपळ्यासारखे झाले होते! आई म्हणाली होती, जावई आता तरी गप्प बसेल." आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "पेनिसिलिन. मी विसरलेच गं."

"असू दे. धावपळीत विसरतो माणूस."

औषध बदललं. पुढच्या दहा मिनिटांत दुसरं सुरू झालं.

डॉक्टर आले, त्यांनी तिचं ऐकून घेतलं, स्वतः पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "इथून पुढे माझ्याकडे." धाकटीने कागदावर वेळ टाकून सही केली. नियमाने तिचं काम संपलं होतं. बाकीचे सहा पेशंट तिची वाट बघत होते. एका आजीबाईंचं पोटॅशियम वाढलं होतं, एक रिक्षावाला छातीत दुखत असूनही घरी जायचं म्हणत होता. ती त्यांच्याकडे गेली, पण पाचव्या बेडचा मॉनिटर वाजला की तिला पाठमोरी असूनही ऐकू येत होतं.

सहा वर्षांपूर्वी आईला याच हॉस्पिटलात आणलं होतं. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी भरत होतं, मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. मशीनवर ठेवायचं का, असं विचारल्यावर धाकटी 'नको' म्हणाली. थोरली म्हणाली, ठेवा, जे आहे ते सगळं करा. डॉक्टरांनाही धाकटीचं पटलं. तिसऱ्या दिवशी आई गेली. घरी आल्यावर थोरली एकच वाक्य बोलली, "तुझ्यासाठी ती एक पेशंट होती." त्यानंतर फोन उचलला नाही, मेसेजला उत्तर नाही. धाकटी एकटीच राहायची. काही मजेदार घडलं, कुणी मूर्खासारखं बोललं, की हे ताईला सांगायला हवं असं आधी मनात यायचं, आणि मग आठवायचं. सहा वर्षांत अशा कितीतरी गोष्टी साठल्या होत्या. शिळ्या झाल्या तरी दुसऱ्या कुणाला सांगाव्याशा वाटत नव्हत्या.

दुपारी दोनपर्यंत तीन बाटल्या सलाईन गेलं तरी रक्तदाब चढेना. आयसीयूच्या डॉक्टरीणबाई येऊन थोरलीशी बोलल्या. वर नेतोय, रक्तदाबाचं औषध सुरू करतोय. "श्वास थकला तर मशीन लावावं लागेल. तुमची काही हरकत?"

थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. धाकटी औषधांच्या कपाटापाशी उभी होती. थोरली सरळ तिच्याकडे चालत आली.

"माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

अहो-जाहो कुठे गळून पडलं ते थोरलीला कळलंही नसावं. धाकटीने दोन स्टुलं ओढली. दोघी बसल्या.

"लावा म्हणाले असते. डोळे झाकून. ताई, यांचं कारण सापडलंय, अडथळा मोकळा झालाय, औषध चालू आहे. शरीराला दोन-चार दिवस तग धरायला मदत हवी. ती मदत द्यायची."

"मग आईला का नाही?"

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. धाकटीने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"आईचं बरं होण्यासारखं काही उरलं नव्हतं. मशीननं नुसते दिवस वाढले असते, घशात नळी घालून. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं."

"सांगितलंस," थोरली म्हणाली. "उभी राहून सांगितलंस. ड्यूटीच्या कपड्यांत, हातात फाइल घेऊन. बाहेरच्यांना सांगतात तसं. मला वाटलं, आपण दोघी मिळून रडू."

"रडले असते तर मला ते बोलताच आलं नसतं."

"ते मला कसं कळणार?"

आपण चुकीचं काही सांगितलं नाही, हेच धाकटी सहा वर्षं स्वतःला बजावत आली होती. कसं सांगितलं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तिने थोरलीच्या हाताकडे हात नेला, पण तेवढ्यात ट्रॉली आली आणि थोरली उठून नवऱ्याच्या मागे गेली.

मशीन लागलं नाही. दोन दिवस रक्तदाबाच्या औषधावर काढून भावोजी सावरले. चौथ्या दिवशी ते खालच्या वॉर्डात आले. धाकटी रोज ड्यूटी संपल्यावर जायची.

"आज किती झाली?" ती विचारायची.

"अठराशे," थोरली सांगायची.

"रंग?"

"स्वच्छ. चहासारखी नाही आता."

सहा वर्षांनी बहिणी रोज भेटत होत्या आणि बोलत होत्या ते लघवीबद्दल. भावोजींनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "दुसरा विषय काढा गं. माझी अब्रू पिशवीत लटकलीये." धाकटी खो-खो हसली. थोरलीने हसू दाबत चादर नीट केली.

नवव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. नळी अजून दोन आठवडे ठेवायची होती. टॅक्सीत बसताना भावोजी म्हणाले, "मेहुणीबाई, घरी या." थोरली त्यांच्या पाठीशी उशी लावत होती. तिने वर न बघता दार ओढून घेतलं. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही धाकटी दारात उभी होती. दरवान म्हणाला, "मॅडम, ॲम्ब्युलन्सची जागा आहे," तेव्हा ती बाजूला झाली.

मग दहा दिवस काहीच नाही. फोन वाजला की ती नंबर बघायची आणि ठेवून द्यायची.

अकराव्या दिवशी संध्याकाळी थोरलीचा फोन आला. नळीच्या कडेनं थेंब थेंब गळतंय, काय करू? धाकटीने विचारलं, ताप आहे का, रक्त दिसतंय का, पिशवी खाली लटकतेय ना, नळी कुठे दुमडली नाही ना. नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केली, गळणं थांबलं. काम झालं. पण फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो कमी झाला.

"एक विचारू?" थोरली म्हणाली. "शेवटच्या दिवशी मी खाली फॉर्म भरायला गेले होते. तू होतीस आत. आई काही बोलली का?"

काहीतरी मोठं सांगावं, असं धाकटीला क्षणभर वाटलं. ताईला हाक मारत होती असं म्हणावं. त्यानं बरं वाटलं असतं.

"खिडकी लाव म्हणाली. वारं येतंय म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. मी लावली. मग म्हणाली, आता बरं वाटतंय. तिचे पाय गार पडले होते, मी चोळत बसले. तू वर येईपर्यंत चोळत होते."

"मला वाटलं, तू मॉनिटर बघत होतीस."

"मॉनिटर मी बंद करून ठेवला होता."

पलीकडे थोरली रडत होती की काय, ते कळत नव्हतं. धाकटीचे डोळे मात्र भरून आले, आणि या वेळी तिने ते आवरले नाहीत. नाक ओढल्याचा आवाज फोनमधून गेलाच असणार.

"सर्दी झालीये का तुला?" थोरलीने विचारलं.

"नाही."

"बरं." मग जरा थांबून, "बुधवारी नळी काढायला घेऊन येते त्यांना. तू असशील ना?"

"असेन."

बुधवारी तिची सुट्टी होती. ते तिने सांगितलं नाही. त्या दिवशी ती साडेनऊलाच हॉस्पिटलात जाऊन बाहेरच्या बाकावर बसली. त्यांची वेळ अकराची होती.